दोघांनी उचलायचं कपाट

बातमी आली तेव्हा मी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर नव्या पुस्तकांच्या पेट्या उघडत होतो. फेब्रुवारीतली सकाळ होती, खिडकीबाहेर डोनाउ नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. फोन मीराचा होता. मीरा ही यशवंत गजभिये यांची एकुलती एक मुलगी. जन्म, शाळा, नोकरी, सगळं जर्मनीतलं. मराठी तिला नीट कळते, उत्तर मात्र ती लहानपणापासून जर्मनमधूनच देत आलेली. त्या सकाळी ती म्हणाली, "काका, बाबा गेले." तिच्या तोंडून आलेल्या त्या मराठीनेच मला आधी धक्का बसला. अर्थ मागाहून पोचला... पुढचं सगळं ती जर्मनमधून बोलली. पहाटे, दोनच दिवसांपूर्वी नेलेल्या रुग्णालयात, झोपेत. कर्करोग होता, दीड वर्षापासून. तिलाही त्यांनी शेवटच्या महिन्यातच सांगितलं होतं. "तुम्हाला तरी माहीत असेल, असं मला वाटलं," ती म्हणाली. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. जे मला माहीत असायला हवं होतं ते मला माहीत नव्हतं. आणि मी जे केलं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सात आठवडे झाले. या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायला घेतलं तेव्हा तेवढं वगळून लिहून पाहिलं. चार वेळा पाहिलं. जमलं नाही.

मी २००१ साली रेगेन्सबर्गला आलो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात भारतीय भाषांमधल्या पुस्तकांची सूची करायला. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये इंगोलश्टाटला भीमजयंतीसाठी एक हॉल घेतला होता. तिथे गजभिये भाऊंची ओळख झाली. ते मूळचे नागपूरचे. मोटारींच्या कारखान्यात मोजमापाच्या विभागात त्यांची सारी नोकरी गेली. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग चुकला तरी भाग परत पाठवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. मी काय करतो ते ऐकून म्हणाले, "म्हणजे पुस्तकं वाचायची नाहीत, नुसती लावायची? अन् त्याचा पगार देऊन राहिले?" त्या दिवसापासून मी त्यांचा 'ग्रंथपाल' झालो. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मला अरे-तुरे करायचे, मी त्यांना अहो-जाहो. दर मंगळवारी संध्याकाळी मी बसने त्यांच्या खेड्यात जायचा पायंडा पडला. चहा घ्यायचा, मग ते नेमबाजी मंडळात निघाले की मीही पुस्तक घेऊन मागच्या बाकावर बसायचो.

मंडळाची गोष्ट ते मोठ्या चवीने सांगत. सत्तरच्या दशकात ते आणि शालिनीवहिनी त्या खेड्यात राहायला आले, तेव्हा दोन वर्षं शेजाऱ्यांनी 'ग्र्यूस गॉट' या तिथल्या रामरामापुढे एक शब्द काढला नव्हता. "गावात शिरायची तीन दारं," भाऊ बोटं मोजून सांगत, "चर्च, अग्निशमन दल अन् नेमबाजी. चर्च आपलं नाही. आगीच्या शिडीवर चढलो की मला चक्कर येते. मग राहिली बंदूक." गावच्या बेकरीवाल्या आल्बर्टने, जो पुढे मंडळाचा प्रमुख झाला, त्यांना पहिल्यांदा नेलं. मोजमापाचा माणूस आणि पन्नास मीटरवरचा कागद, दोघांचं जमलं. एका वर्षी ते मंडळाचे 'राजा', म्हणजे त्या वर्षीच्या स्पर्धेतले पहिले, झाले. राजाने एक लाकडी गोल तबकडी रंगवून घ्यायची आणि ती मंडळाच्या भिंतीवर कायमची लागायची, अशी तिथली रीत. बाकीच्या तबकड्यांवर हरणं आणि घंटाघरं आहेत. भाऊंनी संत्र्याचं झाड सांगितलं. रंगाऱ्याने संत्र्याचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं, त्याने सफरचंदाच्या झाडाला नारिंगी फळं लावून दिली. वहिनी म्हणायच्या, "बघा भाऊजी, हे झाड अन् आम्ही, दोघं सारखेच लागलो इथं."

त्यांच्या तळघरातलं पोलादी कपाट मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थांबलो होतो. आत अकरा बंदुका. लांब, आखूड, लाकडी दस्त्यांच्या, दोन पिस्तुलं. मी विचारलं, "भाऊ, एका माणसाला अकरा कशाला लागतात?" वहिनी जिन्यावरून म्हणाल्या, "विचारा, विचारा! माझी बारावी पैठणी यांना खुपते." भाऊ हसले नाहीत. एक-एक बाहेर काढून त्यांनी मला दाखवली. ही पडून मारायची, ही उभ्याने. ही शंभर वर्षांपूर्वीची, हिची नळी हाताने कातलेली आहे, आत बोट घाल. ही आल्बर्टच्या वडिलांची, मरताना मला देऊन गेले. "माणूस एका वेळी एकच चालवतो न? मग बाकीच्या दहा कशासाठी, तर बघण्यासाठी. तुझ्या घरात हजार पुस्तकं आहेत, तू एका वेळी किती वाचतोस?" मी पंचशीलातल्या पहिल्या शीलाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "कागदाला जीव नसतो, ग्रंथपाल. पंचवीस वर्षांत चिमणी मारली नाही." मग कपाट बंद करताना, किल्ली फिरवता फिरवता, त्यांनी ते वाक्य म्हटलं. "कोणाकडे बंदुका किती, याला भिऊ नये. गोळ्या किती, ते बघावं."

त्यांचं म्हणणं असं होतं. प्रत्येक बंदुकीसाठी इथली कचेरी 'गरज' सिद्ध करायला लावते. अर्ज, मंडळाचं पत्र, शिक्का. गोळ्या मात्र एकदा परवाना मिळाला की हव्या तेवढ्या घ्या, कोणी विचारत नाही. म्हणजे जिथे नुसती आवड आहे तिथे सरकार डोळ्यांत तेल घालून बघतं, आणि जिथे काहीतरी शिजतंय तिथे बघत नाही. १९९९ साली मंडळातल्या एकाने, आता जगातली सगळी संगणकयंत्रं बंद पडणार म्हणून, तळघर भरलं होतं. पीठ, मेणबत्त्या, पाण्याचे कॅन आणि भिंतभर काडतुसं. बंदूक त्याच्याकडे एकच होती. त्याला मंडळातून काढायचा ठराव भाऊंनीच मांडला. "त्याला एक बंदूक पुरत होती, कारण त्याला बंदूक आवडतच नव्हती," ते म्हणाले. "तो कशाची तरी वाट बघून राहिला होता. बंदूक जुनी होते अन् राहते. गोळी पुढच्या दिवसासाठी असते. जो साठा करतो, त्याला पुढच्या दिवसाबद्दल काय वाटतं, ते विचारायचं."

मला हे फार पटलं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं. वहीत न लिहिलेलंही एक बोलणं आहे. असाच एक मंगळवार, दिवाळीच्या आसपास. वहिनी चकल्या तळत होत्या आणि भाऊ गोळ्यांच्या घाण्यांबद्दल काहीतरी समजावत होते. वहिनींनी मध्येच म्हटलं, "चकलीचा पहिला घाणा अन् दुसरा घाणा सारखा येतो का? तसंच आहे ते, भाऊजी." भाऊ खूश होऊन, "बरोबर, हिला कळलं!" म्हणाले आणि आणखी अर्धा तास बोलत राहिले. माझ्या मांडीवर एका कोशाची मुद्रितं होती. मी मान डोलवत, मध्येमध्ये 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत पानं उलटत होतो.

२००५ मध्ये वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी सगळं संपलं. भाऊंनी त्यानंतरही मंगळवार चुकवले नाहीत, पण घरात बोलणं कमी झालं. २००७ च्या उन्हाळ्यापासून ते वाळायला लागले. मी विचारलं तर म्हणायचे, "एकट्यासाठी कोण रांधतं?" वहिनींच्या साड्या त्यांनी मीराला हॅम्बर्गला पाठवून दिल्या. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, "तुझ्याकडे वेळेला किंमत आहे." एकदा कपाटं आवरताना दिसले. काय चाललंय म्हटलं तर म्हणाले, "मागे कोणाला त्रास नको, म्हणून नीट लावून ठेवतो." त्या वर्षांत इथल्या वर्तमानपत्रांत बंदुका आणि शाळा, बंदुका आणि एकटी माणसं, असे शब्द फार वेळा एका ओळीत येत. मी वाचणारा माणूस. मी सगळं वाचत होतो आणि सगळं एकमेकांना जोडत होतो.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. "ग्रंथपाल, शनिवारी ये बाबा. गॅरेजमधून एक कपाट तळघरात न्यायचं आहे. एकट्याला उचलत नाही." मी हो म्हटलं. त्या शनिवारी एक परिसंवाद निघाला. पुढच्या शनिवारी मला सर्दी झाली, आणि खरं सांगायचं तर पावसात बस धरायचा कंटाळा आला. "काही घाई नाही न," ते म्हणाले. "पण ये."

त्यानंतरच्या मंगळवारी मी नेहमीसारखा गेलो. भाऊ भाजी चिरत होते. म्हणाले, "खालून चार बटाटे आण." तळघरात बटाट्यांच्या खोक्याशेजारी, उघड्या लाकडी फळीवर, काडतुसांची खोकी रचलेली होती. एकावर एक, भिंतीच्या टोकापर्यंत. मी एका ओळीतली मोजली आणि ओळींनी गुणलं. पंधरा हजार... वर भाऊंचं खोकणं ऐकू येत होतं. मला तो १९९९ चा माणूस आठवला. 'पुढच्या दिवसाबद्दल काय वाटतं, ते विचारायचं' हे वाक्यही आठवलं. त्यातलं 'विचारायचं' तेवढं आठवलं नाही. मी वर आलो.

"मिळाले न बटाटे?"

"मिळाले."

एवढंच. आम्ही जेवलो. नंतर मी घरी येऊन लांडराट्सआम्टला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा कचेरीसारखी जी कचेरी असते तिला, पत्र लिहिलं. दोन दिवस लिहीत होतो. त्यात लिहिलं की हे गृहस्थ माझे जवळचे मित्र आहेत, पत्नी वारल्यापासून एकटे आहेत, वस्तू वाटून टाकत आहेत, आणि त्यांच्या तळघरात उघड्यावर असा-असा साठा आहे. मला त्यांच्या जिवाची काळजी वाटते. प्रत्येक शब्द कोशात पाहून घातला. माझ्या हातून आजवर लिहिलं गेलेलं ते सर्वांत निर्दोष जर्मन पत्र असेल. खाली सही केली. निनावी लिहिणं मला हलकं वाटलं. समोर बसून विचारणं मात्र जमलं नव्हतं.

डिसेंबरात कचेरीतून दोन माणसं आली. गोळ्या कुलपाबाहेर ठेवल्या होत्या, तेवढं त्यांना पुरेसं होतं. परवाना रद्द झाला. गोळ्या गेल्या, अकराच्या अकरा बंदुका गेल्या. आल्बर्टच्या वडिलांची, हाताने कातलेली, सगळ्या. पुढच्या मंगळवारी मी गेलो तर भाऊ रिकाम्या पोलादी कपाटाचं दार उघडून आतली धूळ पुसत होते. "कोणीतरी कळवलं," ते म्हणाले. मी विचारलं, "कोणी?" ही दोन अक्षरं मी बोललो हे इथे लिहिताना हात थांबतो आहे. ते म्हणाले, "माहीत नाही न."

फेब्रुवारीत, चहा ओतताना, ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "ग्रंथपाल, तुझं जर्मन फार सुधारलं." मला वाटलं, मघाशी मी फोनवर बोललो त्याचं कौतुक आहे. मी म्हटलं, "तुमच्याच संगतीने." त्यांनी माझा कप भरला. मग साखरेचा डबा माझ्या बाजूला सरकवला.

त्यानंतर पूर्ण वर्षभर मंगळवार चालू राहिले. मंडळाची बंदूक वापरा, असं आल्बर्टने दहा वेळा सांगितलं. भाऊ म्हणाले, "दुसऱ्याच्या चपला घालून देवळापर्यंत जाता येतं, गावाला नाही." ते तिथे जात, कोट खुंटीला अडकवत आणि दुसऱ्यांच्या कागदांवरची भोकं भिंगातून मोजत बसत. मी मागच्या बाकावर पुस्तक घेऊन. ते दिवसेंदिवस बारीक होत होते. मी मनाशी म्हणत होतो, निदान जिवंत तर आहेत. मला तेव्हा खरोखर वाटत होतं की मी त्यांना वाचवलं आहे.

अंत्यविधीला इंगोलश्टाट आणि म्युनिकहून आपली चार कुटुंबं आली होती. त्रिसरण-पंचशील झालं. मंडळाची माणसं हिरव्या कोटांत मागे उभी होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे सभासदाला तीन बार काढून निरोप देतात. परवाना गेलेल्याला द्यायचा का, असं कोणीतरी विचारलं होतं म्हणे. आल्बर्टने त्याला उत्तरही दिलं नाही. मीराने मला विचारलं, "काका, झोल्लन झी? काढू देत का त्यांना?" मी हो म्हटलं. तीन बार झाले. प्रत्येक बाराला मी दचकलो, आधीच्याहून जास्त.

बाहेर आल्बर्ट माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आता तोही सत्तरीचा झाला आहे. मी त्याला सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि मग सावकाश म्हणाला, "आल्झो, म्हणजे... तुला ठाऊक नव्हतं? नेमबाजाची प्रत्येक नळी वेगळी असते. कारखान्यातून काडतुसं घाण्या-घाण्याने निघतात, आणि एखादाच घाणा एखाद्या नळीला मानवतो. तो सापडला की जमेल तेवढा घेऊन ठेवतात. संपला की तसा पुन्हा मिळत नाही. यश्वंत चार वर्षं शोधत होता. त्या सप्टेंबरात सापडला. इथे येऊन सगळ्यांना बिअर पाजली त्याने." मी विचारलं, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस. तो म्हणाला, "उघड्यावर ठेवल्या होत्या, हे चूकच. कळवणंही चूक नाही. पण मी आधी त्याला विचारलं असतं."

मागच्या महिन्यात मीरा घर रिकामं करायला आली, मी मदतीला गेलो. कागदांमध्ये कचेरीच्या फाइलची नक्कल होती. ज्याच्यावर कारवाई होते त्याला फाइल पाहता येते, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी ती जानेवारीत मागवली होती. वरच माझं पत्र होतं, सहीसकट. त्यावर एक रेघ नाही, खूण नाही. खाली त्या दोन माणसांनी केलेली टिपणी होती. मीराने ती मोठ्याने वाचली आणि मग, माझ्याकडे न बघता, पुन्हा वाचली. त्यात असं होतं: साठ्यासाठी दुसरं पोलादी कपाट विकत आणून गॅरेजमध्ये ठेवलं आहे, असं संबंधित व्यक्ती सांगते. प्रकृतीमुळे एकट्याने ते खाली नेता आलं नाही. उचलायला एक मित्र येणार होता, तो अद्याप आलेला नाही. मित्राचं नाव विचारलं असता देण्यास नकार दिला.

मीराने फाइल मिटली. तिने माझं पत्रही वाचलं होतं. शेवटी म्हणाली, "कोम, काका. चला, गॅरेज राहिलंय."

कपाट तिथेच होतं, जुन्या चादरीखाली, उभं. किल्ली दारालाच लटकत होती. मी ते उघडलं. आत पाच कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर भाऊंचं कारखान्यातलं नेटकं, सरळ अक्षर: २००८, २००९, २०१०, २०११, २०१२. दर मंगळवारच्या साठ गोळ्या, वर्षाच्या तीन हजार, कप्प्याला एक वर्ष. डॉक्टरांनी त्यांना २००७ च्या उन्हाळ्यातच, मीरा म्हणाली, फार तर एक वर्ष सांगितलं होतं.

कपाट मी मागून घेतलं. मीराने एक बाजू धरली, मी एक. गॅरेजच्या दारापासून भाड्याच्या गाडीपर्यंत वीस पावलं असतील. मध्ये दोनदा टेकवावं लागलं. फार जड नव्हतं ते. दोघांना पाच मिनिटं लागली.

आता ते माझ्या अभ्यासिकेत आहे, पुस्तकांच्या मांडणीशेजारी. त्यात काही ठेवलेलं नाही. मंगळवारी संध्याकाळी, भाऊंच्या घड्याळात सहा वाजले की, मी त्याचं दार उघडतो, कप्पे पुसतो, पट्ट्यांना ओला फडका लागू देत नाही, आणि दार लावतो. या खोलीत त्याची जागा चुकली आहे, उजेड अडतो. खिडकीपासून हलवायला हवं. पण एकट्याला उचलत नाही, आणि कोणाला 'शनिवारी ये' म्हणायला मला अजून जमलेलं नाही.